साक्ष कुणापुढे? बाबा पदमनजी, बेळगाव आणि ओळखीच्या माणसांत सांगितलेला धर्म

मराठी ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष’ हा शब्द कोर्टातल्या अर्थाने वापरत नाहीत. अमक्या बाईंनी आज साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते त्यांनी चारचौघांत उभं राहून सांगितलं. आणि वर्षातून दोन-तीनदा तरी पाळकसाहेब आठवण करून देतात की ही साक्ष चर्चमध्ये देऊन भागत नाही. शेजारी, कामावरचा सोबती, शाळेपासूनचा मित्र, घरातला अजून विश्वास न ठेवणारा माणूस, त्यांना सांगायला हवं. या उपदेशाला शुभवर्तमानात भरपूर आधार आहेत. अंद्रिया येशूला भेटला आणि आधी आपल्या भावाला, शिमोनाला, शोधत गेला. विहिरीवरची शोमरोनी बाई घागर तिथेच टाकून आपल्या गावात धावली. भूतबाधेतून बरा झालेला माणूस येशूबरोबर जाऊ म्हणत होता, तर येशूने त्याला परत घरी, आपल्या माणसांत पाठवलं.

उपदेश सोपा आहे. आपल्या मुलखात तो अमलात आणायला गेल्यावर काय झालं, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला बेळगावइतकं सोयीचं गाव नाही.

१८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, छावणी पडली, कँप वसला. दोनच वर्षांनी, १८२० साली, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेल्लारीहून इथे आले. त्यांच्यामागून विल्यम बेनन आले. त्यांचं आणि पुढे आलेल्या स्मिथ यांचं नाव आजही बेनन-स्मिथ शाळेच्या रूपाने रोज उच्चारलं जातं, बहुतेकांना ही दोन माणसं होती याचा पत्ता नसला तरी. या लोकांची कामाची रीत त्या काळच्या सगळ्या मिशनांची होती तीच. बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून बोलायचं, जत्रेत पुस्तिका वाटायच्या, शाळा काढायची. भाषा तरी किती! इथे कानडी हवी, मराठी हवी, आणि पलटणीबरोबर आलेल्या लोकांसाठी तमिळही हवी. सुरुवातीला मंडळीत आले ते बरेचसे हेच तमिळ बोलणारे, कँपाच्या आश्रयाने राहणारे लोक. गावातल्या मराठी आणि कानडी घरांची दारं बाजारातल्या उपदेशाने फारशी उघडली नाहीत.

याचं कारण धर्मात शोधायच्या आधी व्यवहारात शोधावं असं मला वाटतं. बाजारात उभा राहून बोलणारा परका माणूस म्हणजे आपल्याकडे एक करमणूक. गारुडी येतो, औषधवाला येतो, तसा साहेब येतो. लोक ऐकतात, दोन प्रश्न विचारतात, हसतात, आणि भाजी घेऊन घरी जातात. सांगणाऱ्याचं रोजचं वागणं त्यांनी पाहिलेलं नसतं. त्यामुळे त्याच्या बोलण्याला तारण काहीच नाही. अशा ठिकाणी मग वादच रंगतो. १८५७ मध्ये मुंबईला समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात आठवड्यामागून आठवडे चाललेले वाद प्रसिद्धच आहेत. गर्दी खूप व्हायची. पण वादात माणसाला जिंकायचं असतं, आणि जिंकायला आलेला माणूस सहसा ऐकून घेत नाही.

शाळेचं तसं नव्हतं. शाळेत मास्तर रोज दिसतो, चिडतो, समजावतो, आजारी मुलाची चौकशी करतो. म्हणजे ओळख होते. बाबा पदमनजी या ओळखीतून आले.

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म बेळगावातच, १८३१ चा. जात कासार. वडील सरकारी नोकरीत, घर देवाधर्माचं. बाबांचं शिक्षण आधी इथल्या मिशनच्या शाळेत, नंतर मुंबईला फ्री चर्चच्या विद्यालयात झालं. मुंबईत ते परमहंस मंडळीतही होते. दादोबा पांडुरंग वगैरे मंडळींनी चालवलेली ही गुप्त सभा. जातिभेद मानायचा नाही, पण बाहेर कळू द्यायचं नाही, असा तिचा बाणा. या सभेबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं बाबांनी लिहून ठेवलंय म्हणून माहीत आहे. दार लावून जात मोडायची आणि दार उघडून ती पाळायची, ही कसरत त्यांनी जवळून पाहिली होती. आणि त्यांचा स्वतःचा ख्रिस्तावरचा विश्वासही काही काळ असाच दाराआड होता. मनात बसलेलं तोंडाने सांगायचं की नाही, सांगायचं तर कुणाला, या ओढाताणीवरच त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र उभं आहे. ते बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतं.

हा बाप्तिस्मा १८५४ साली झाला, आणि झाला तो बेळगावात. मुंबईला मोठी मिशनं होती, ओळखीचे साहेब होते, गर्दीत एक माणूस फारसा कुणाच्या डोळ्यांवर आला नसता. बेळगावात मात्र गल्लीतलं पोरगंही त्यांना ओळखत होतं. आपल्या माणसांसमोर उभं राहून सांगणं याहून उघड कसं असेल?

आणि इथेच गोम आहे. त्या काळात बाप्तिस्मा झाला की माणूस जातीबाहेर पडे. त्याच्या हातचं पाणी बंद, पंगत बंद, सोयरीक बंद. घरात राहणं अशक्य, म्हणून तो मिशनच्या आवारात जायचा. म्हणजे ज्या क्षणी तो सांगायला मोकळा झाला, त्याच क्षणी ज्यांना सांगायचं ती माणसं त्याच्या हातून गेली. सांगायला ओळख लागते, आणि बाप्तिस्म्याने ओळखच तुटते. मिशनांचे पाळक आपल्या लोकांना ‘घरच्यांना सांगा’ असं सांगत होते, आणि त्या बिचाऱ्यांना घरच नव्हतं. मिशनचं आवार, मिशनची नोकरी, मिशनच्याच शाळेत मुलं. दोन पिढ्यांत असं झालं की कित्येक ख्रिस्ती कुटुंबांची ख्रिस्ती नसलेल्या कुणाशी घरोब्याची ओळखच उरली नाही. याबद्दल दोष फक्त जातीला देणं मला बरोबर वाटत नाही. आवाराची भिंत आतूनही बांधली गेली होती.

कायद्याने काही गोष्टी सावरल्या. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसा जाणार नाही असं ठरलं. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि जोडीदार त्या कारणाने नांदायलाच येत नाही, अशी प्रकरणं इतकी निघाली की १८६६ मध्ये अशा लग्नांच्या फारकतीसाठी वेगळा कायदा करावा लागला. पण वाड्यातली वाटणी कोर्ट देऊ शकतं, ओसरीवरची बैठक देऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूच्या लोकांना या ‘ओळखीच्या’ वाटेची धास्ती किती होती हे पाहायचं तर शेषाद्री बंधूंचं प्रकरण पाहावं. १८३९ साली मुंबईत दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मिशनच्या शाळेतून पारशी मुलं भराभर काढून घेतली गेली होती. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मोठ्या भावाच्या मागोमाग मिशनरींकडे राहायला गेला. बाजारातला साहेब परवडला, सख्खा भाऊ नाही! वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पुढचा पेच त्याहून मोठा होता. ख्रिस्ती लोकांच्या घरी जेवलेला हा मुलगा परत जातीत घ्यायचा कसा? बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली की प्रायश्चित्त देऊन घ्यावा. सनातनी मंडळी उसळली, ब्रह्मवृंदात दोन तट पडले, जांभेकरांनाही त्रास सोसावा लागला. एका बारा वर्षांच्या पोराने भावाचं ऐकलं, एवढ्यावरून हे सगळं झालं.

बाबांकडे परत येऊ. बोलायला ओसरी राहिली नाही, तेव्हा त्यांनी लेखणी धरली. शंभरावर लहानमोठी पुस्तकं, कोश, नियतकालिकांचं संपादन. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती. विधवांचे हाल हा तिचा विषय. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकतात. साहित्याचे अभ्यासक तिची रचना सैल आहे म्हणतात, आणि ती आहेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या सैलपणात एक गोष्ट सापडते: कादंबरीत चौकातला उपदेशक महत्त्वाचा नाही. बाईने बाईशी केलेलं बोलणं आहे, सासर-माहेरची उठाठेव आहे, आधी ऐकून घेणं आहे आणि मग हळूच एखादा शब्द आहे. स्वतःला ज्या घरांत प्रवेश नाही त्या घरांत बाबांनी यमुनेला पाठवलं.

त्यांच्या इतर लेखनाबद्दल मात्र एवढं चांगलं म्हणवत नाही. हिंदू चालीरीतींवर त्यांनी कोरडे ओढले ते मिशनच्या पुस्तिकांच्या पद्धतीने, आणि त्या पुस्तिकांचा सूर असा असायचा की आधीच दुखावलेला वाचक आणखी दूर जावा. जुन्या घरातून आलेला माणूस त्या घरावर जास्तच रागावतो, हे समजण्यासारखं आहे. ज्याला जवळ आणायचं त्याच्या आईच्या देवघराला नावं ठेवून तो जवळ येत नाही, हेही तितकंच खरं. बाबा १९०६ मध्ये वारले. बेळगावातलं लंडन मिशनचं काम त्याआधीच, १९०४ च्या सुमारास, मेथडिस्टांकडे गेलं होतं.

घाट उतरून गोव्यात गेलं तर चित्र दोनशे-अडीचशे वर्षं आधीचं आणि पार वेगळं दिसतं. तिथे सांगणाऱ्याच्या पाठीशी राज्य होतं. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. अशा ठिकाणी ‘साक्ष’ हा शब्द वापरताना जीभ अडखळते. तरी त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री चाळीस वर्षं राहिला, इथल्या लोकांची भाषा शिकला आणि त्याने मराठीत, ओवीत, ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. पुराणाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. रविवारी धर्माची शिकवण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही आम्हाला द्या ना. म्हणजे मागणी ऐकणाऱ्याकडून आली आहे. स्टीफन्सने ती ऐकली आणि लोकांना ओळखीच्या असलेल्या सुरात उत्तर दिलं. सत्तेच्या जोरावर झालेल्या त्या सगळ्या धर्मांतराच्या कहाणीत लोकांनी आपण होऊन पिढ्यान्‌पिढ्या गायलं ते हे पुराण. कारवार-मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीही ते बरोबर नेलं. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली ती उगीच नाही.

ओळख तुटते हे मी वर म्हटलं, ते सवर्ण घरांपुरतं जास्त खरं आहे. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत वेगळं घडलं. वर ज्यांचा उल्लेख आला ते नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि निजामाच्या राज्यात, जालन्याला, जाऊन राहिले. सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक, आणि ते सुटे सुटे आले नाहीत. मेव्हण्याने मेव्हण्याला सांगितलं, लेक दिलेल्या गावी बाप गेला आणि बोलून आला. अहमदनगर भागातही महार आणि मांग वस्त्यांत हेच झालं. ज्याला गावाने आधीच पंगतीबाहेर ठेवलं होतं त्याला पंगतीतून उठवण्याची धमकी कोण देणार? नाती शाबूत राहिली, म्हणून सांगणंही चालू राहिलं. पाळक, गायक, ‘बायबलबाया’ यांच्या पगारी कामाची नोंद मिशनच्या अहवालांत असते. मेव्हण्याच्या बोलण्याची नसते, आणि आमच्यासारख्या इतिहास धुंडाळणाऱ्यांचं नेमकं तिथेच अडतं. हे लोक धान्यासाठी, शाळेसाठी आले असंही पुष्कळदा म्हटलं जातं. काही आलेही असतील. पण माणसासारखं वागवलं जाणं ही मागणी फक्त पोटाची नाही.

आजच्या दिवसांत हा विषय काढला की कायद्याचा प्रश्न येतोच, विशेषतः इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा आणि जास्त कडक कायदा आला. १९६८ च्या कायद्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९७७ मध्ये निकाल लागला तो थोडक्यात असा: घटनेच्या कलम २५ ने आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्याला सांगण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. या निकालावर टीका करणारे पुष्कळ आहेत. पण त्यातली सांगण्याची मोकळीक महत्त्वाची आहे. शेजाऱ्याला आपला विश्वास सांगणारा माणूस आणि आमिष किंवा धाक दाखवणारा माणूस हे दोघे वेगळे आहेत. शेजारी ‘नको’ म्हणाला आणि तरी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावता आलं, तर ते सांगणं होतं. नाही तर दुसरंच काही तरी होतं.

या कसोटीवर मराठीत सगळ्यात तपशिलाने लिहिलेलं उदाहरण टिळकांच्या घरातलं आहे. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये रेल्वेने राजनांदगावला जात होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी कवितेवरून बोलणं निघालं, आणि उतरताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. इथे सांगणारा अनोळखी होता, हे कबूल करायला हवं. पण त्यानंतर दोन वर्षं वाचन, विचार आणि पत्रव्यवहार चालला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो भारतीय पाळकाच्या हातून, कारण टिळकांचा तसा आग्रह होता.

लक्ष्मीबाईंना हे कळलं तेव्हा काय झालं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. नातेवाइकांनी त्यांना सांभाळलं, त्या लहान दत्तूला घेऊन पंढरपुराला वगैरे राहिल्या. जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळी. पण एक धागा तुटला नाही, पत्रांचा. बाबा पदमनजींच्या पिढीत जे अशक्यच वाटायचं ते इथे झालं: जात गेली, तरी बोलणं राहिलं. पुढे त्या नगरकडे टिळकांजवळ राहायला आल्या त्या हिंदूच, आपलं सोवळंओवळं बरोबर घेऊन. पाणी वेगळं, चूल वेगळी. एवढा मोठा वक्ता, कीर्तनकार, पण घरात त्याने बायकोच्या चुलीवर आक्रमण केलं नाही. लक्ष्मीबाईंचा आधी सुटला तो जातीचा विचार, तोही त्यांच्या त्यांनी, विचार करता करता: माणसं देवाने केली, मग ही वर्गवारी कुणी केली? त्यानंतर त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०० साली.

टिळकांनी या अनुभवावरून काय घेतलं ते त्यांच्या नंतरच्या कामात दिसतं. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीही होतं, नगरला कृष्णराव सांगळे ते करत. पण टिळकांनी अभंग, ओवी, भजन अशा थाटात इतकं लिहिलं की मराठी मंडळीच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गाणी आजही सगळ्यांत पुढे आहेत. साहेबी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या गीताला शेजारी कान देत नाही. अभंग कानावर पडला की तो उंबऱ्यापर्यंत तरी येतो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला मानणाऱ्याने आपली माणसं सोडून आवारात राहायला आलंच पाहिजे, ही अट त्यांनी काढून टाकली. मिशनमधल्या पुष्कळांना हे पटलं नाही, आणि टिळकांना वेळही मिळाला नाही. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही.

जाताना त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट होतं, म्हणजे खरं तर सुरूच झालेलं, जेमतेम दहा-अकरा अध्याय. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडूनच अक्षर ओळखायला शिकलेल्या, आणि तो ख्रिस्ती झाला म्हणून एके काळी त्याच्याबरोबर राहायला तयार नसलेल्या या बाईंनी ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या वारल्या तेव्हा ते अजून छापायचं होतं.